कुलपातला सिलिंडर

कणसे अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या मार्केट यार्डात वर्षाची हळद घेत होते. दुकानदाराने ओंजळभर हळकुंडं पुढे केली होती आणि त्यातलं एक मोडून मी आतला रंग बघत होते. फोनवर अण्णांचा मुलगा होता. “बाई, अण्णा गेलं सकाळी. झोपेतच गेलं.” विचारायचं ते मी विचारलं, बोलायचं ते बोलले. फोन ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो लिहायला लाज वाटते… आता ती गोष्ट फक्त मला एकटीला ठाऊक आहे. रडू त्यानंतर आलं.

कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरात एका शाळेची मी मुख्याध्यापिका होते. दिनकर कणसे सैन्यातून, सिग्नलच्या तुकडीतून निवृत्त होऊन आमच्याकडे प्रयोगशाळा परिचर म्हणून आले. वर्षभरात त्यांनी सभागृहाच्या बाजूची आवाजाची खोली आपल्या ताब्यात घेतली. दोन माणसं जेमतेम मावतील एवढी खोली, भिंतींना चिकटवलेला स्पंज, एक मिक्सर आणि दोन जुने अँप्लिफायर. तिथे ते चप्पल बाहेर काढून जायचे. एखादी मुलगी भाषणाला उभी राहून घाबरली की तिचा आवाज ते असा हळूच उचलायचे, की आपण मोठ्याने बोलतो आहोत असं वाटून ती खरोखरच मोठ्याने बोलायला लागायची. मुलं त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून आम्हीही अण्णा म्हणू लागलो.

पहिली आग लागली ती स्नेहसंमेलनाच्या तालमीत. एका अँप्लिफायरमधून आधी वास आला, मग धूर, मग जाळ. अण्णांनी मेन स्विच पाडला, बाहेरच्या भिंतीवर टांगलेला पावडरचा सिलिंडर उतरवला आणि मारला. आग लगेच विझली. पण खोलीभर पिठाची गिरणी झाल्यासारखी पावडर बसली. मिक्सरच्या प्रत्येक फटीत ती शिरली. पुसली तरी निघेना, आणि काही दिवसांत ओल धरून तिने आतलं सगळं गंजवलं. अँप्लिफायर एकच जळाला होता, पण मिक्सर, दुसरा अँप्लिफायर आणि देणगीत आलेला कीबोर्ड, सगळंच निकामी झालं. संस्थेचे लोक माझ्यावर चिडले. मी त्या खुर्चीवर नवीन होते. मी अण्णांना लेखी समज दिली. ‘परिणामांचा विचार न करता अग्निशामकाचा वापर केल्याने शाळेच्या ध्वनियंत्रणेचे नुकसान झाले आहे.’ शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर ते वाचूनही दाखवलं. वर म्हणाले, “आगीपेक्षा जास्त नुकसान तुम्ही केलंत, अण्णा.”

त्यांनी सही केली. पेन परत देताना एवढंच विचारलं, “मग काय करायचं हुतं, बाई?”

मला उत्तर येत नव्हतं. मी म्हणाले, “विचार करायचा होता.”

उत्तर शोधलं ते त्यांनीच. महिनाभराने नवी यंत्रणा आली तेव्हा ते मला म्हणाले, “आवं बाई, सांगलीत एक दुकान हाय, नुसतं आगीच्या सामानाचं. तुमी चला. तुमच्यादेखत निवडू, म्हंजे परत बोलणं नको.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आम्ही एसटीने गेलो. दुकानदार समजावून सांगणारा होता. विजेच्या आगीवर पाणी कधीच नाही, हे त्याने आधी सांगितलं. पावडर चालते, आग हमखास विझवते, पण यंत्रात राहते. मग त्याने काळ्या भोंग्याचा सिलिंडर दाखवला. आत कार्बन डायऑक्साइड. आग विझली की गॅस उडून जातो, मागे काही उरत नाही. मारताना भोंग्याला हात लावायचा नाही, बर्फासारखा गार पडतो. खोली लहान असेल तर मारून लगेच बाहेर यायचं, कारण श्वासाची हवाही तोच गॅस खातो. अण्णा एकेक गोष्ट फौजेतल्यासारखी म्हणून दाखवत होते. कुठला मोठा, कुठला एका हाताने उचलेल, हे त्यांनी प्रत्यक्ष उचलून पाहिलं आणि मधला निवडला. निघताना दुकानदार म्हणाला, “मॅडम, सामान वाचवायला हा चांगला. पण वेळेला हाताशी जो असेल तो मारायचा. सामान नंतर, माणूस आधी.” मी मान हलवली. हे वाक्य अण्णांकडे वळून मी एकदा, फक्त एकदा म्हणायला हवं होतं. मी माझी पिशवी उचलली.

तो सिलिंडर अण्णांनी आवाजाच्या खोलीत दाराशीच लावला. आठवडाभरात नववीच्या मुलांनी त्याची पिन काढून एकमेकांच्या पायांवर गॅस सोडला. कुणाला काही झालं नाही, पण मी घाबरले. सिलिंडर भरून आणवला आणि माझ्या कार्यालयातल्या कपाटात कुलूप लावून ठेवला. अण्णा दोनदा सांगायला आले. दुसऱ्या वेळी जरा चढ्या आवाजात म्हणाले, “आग काय किल्ली मागून लागती व्हय, बाई?” मी म्हणाले, “कार्यक्रम असेल तेव्हा घेऊन जात जा.” ते न्यायचे. मागायचे, न्यायचे, परत आणून ठेवायचे.

पुढच्या स्नेहसंमेलनाला पाहुणे लवकर आले. त्या धांदलीत मी कार्यालय बंद करून किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि पर्स रंगमंचावर खुर्चीखाली ठेवली. अण्णा किल्ली मागायला आले होते, असं नंतर शिपायाने सांगितलं. मी पाहुण्यांना ओवाळत होते. ते दोन मिनिटं पायऱ्यांशी उभे राहिले आणि गेले.

माझ्या स्वागताच्या भाषणात माईक बंद पडला. मी त्यावर टिचक्या मारल्या. मग पाहुण्यांसमोर शोभा झाली म्हणून आवाजाच्या खोलीकडे बघून रागाने हात केला. तेवढ्यात पडद्यामागून धूर आला. मुलांना बाहेर काढेपर्यंत आमच्या चित्रकलेच्या सरांनी अण्णांना मैदानाच्या कडेला आणलं होतं. जळता अँप्लिफायर स्वतःच्या कोटात गुंडाळून त्यांनी उचलून बाहेर नेऊन आपटला होता. भिंतीचा स्पंज पेटला होता, त्याचा काळा धूर त्यांच्या छातीत गेला होता. दोन्ही तळहातांची कातडी कोटाला चिकटून राहिली होती. मिक्सर शाबूत होता. संस्थेच्या लोकांनी त्यांचं कौतुक केलं. त्या कौतुकात मीही होते.

कऱ्हाडच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी मी त्यांना एकटं गाठलं. विचारलं, “अण्णा, पावडरचा सिलिंडर तर भरलेला, बाहेरच टांगलेला होता. तो का नाही घेतला?”

हातांची बँडेजं पोटावर ठेवून ते पडले होते. म्हणाले, “घेतला हुता की. हात घातला हुता त्येला. मग म्हटलं, परत सगळं सामान जाईल, बाई बोलतील… म्हणून सोडला.” आणि हसले. त्या हसण्याने त्यांना खोकला आला.

मी म्हणाले, “तब्येतीला जपा.” दुसरं काही म्हणाले नाही. समज दिलेला कागद मागे घेते म्हणाले नाही, चुकले म्हणाले नाही. नर्स आली, मी उठले.

त्यांची छाती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. डॉक्टर वयाचं नाव घ्यायचे, बिडीचं घ्यायचे, धुराचंही घ्यायचे. कशाचा वाटा किती, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी निवृत्त होऊन सांगलीला आले. दिवाळीला त्यांचा फोन यायचा. “बाई, बरं हाय न्हवं?” दर वेळी वाटायचं, आज बोलावं. दर वेळी मी त्यांच्या नातवाची चौकशी केली.

तेरावं झाल्यावर मी मलकापूरला गेले. अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सोप्यात बसल्या होत्या. बोलता बोलता आगीचा विषय त्यांनीच काढला. “लय धूर हुता म्हनं. ह्यास्नी सिलिंडरच दिसला न्हाई. आमी घरात सगळी हसायचो त्यास्नी. फौजी मानूस, आन भिंतीवरचा सिलिंडर घावला न्हाई! मी बी म्हनायची, डोळं गेलं तुमचं. हसून सोडून द्यायचं ते.”

म्हणजे घरी त्यांनी असं सांगितलं होतं. इतकी वर्षं.

मी म्हणाले, “वहिनी, त्यांना दिसला होता.” आणि मग सगळं सांगितलं. कागद, कुलूप, पर्स, दवाखाना. त्या ऐकताना पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी हसले त्यास्नी… आन तुमी मला आत्ता सांगताय.” त्यांनी पदर सारखा केला. “बाई, आज तुमी जावा,” त्या म्हणाल्या. मी उठले. दारापर्यंत कुणी आलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. त्यांनी पहिल्यांदाच मला फोन केला होता. नातवाकडून नंबर लावून घेतला होता. मी अण्णांवर काहीतरी लिहिते आहे, हे चित्रकलेच्या सरांकडून त्यांना कळलं होतं.

“लिवा,” त्या म्हणाल्या. “पर त्ये देव हुते, आसं काय लिवू नगा. समद्यास्नी कळू द्या, त्यास्नी सिलिंडर दिसला हुता.”

मी हो म्हणाले. त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मी म्हणाले, “वहिनी, माझं चुकलं.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “चुकलं.”