मुकी डिस्क नको

"आधी ऐक, मग हात लाव."

यंत्र कुठलंही असो, आमचे अंकल आधी त्याला कान लावत. पंख्याला, फ्रिजला, एकदा तर माझ्या दुकानातल्या झेरॉक्स मशीनलाही. मुंबईत गिरणीत फिटर होते, त्यामुळे उजवा कान तिथंच गेलेला. मग डावा कान टेकवायचा आणि एक बोट वर करून सगळ्यांना गप्प करायचं. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. दुकानात गर्दी असली की ती नको वाटतात, आणि दोन दिवस फिरकली नाहीत की आपणच दाराकडे बघत बसतो.

इस्रायलमध्ये मित्स्पे रामोनला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गाव एवढंसं, वारा मात्र अख्ख्या वाळवंटाचा. अंकल माझ्यासारखेच मराठी ज्यू, मागच्या इमारतीत एकटे राहत. आंटी जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा सैन्यातून सुटला तो थेट दूर दक्षिण टोकाला, एलातच्या हॉटेलात नोकरीला लागला आणि आपला कॉम्प्युटर घरीच ठेवून गेला. अंकल त्यावर पत्ते खेळत, त्यापलीकडे त्यांना त्यातलं काही येत नव्हतं. पण सकाळी उठून तो चालू करत, तो झोपायच्या वेळेपर्यंत चालूच ठेवत.

एक दिवस त्याची हार्ड डिस्क गचके खायला लागली. मी म्हटलं, "हिचं वय झालं, अंकल. नवी घालू."

"घालू की. पण ऐकव आधी."

मी तीन डिस्का काढल्या आणि एकेक जोडून चालवून दाखवली. अंकलनी पहिलीला कान लावला. "ही मुकी." दुसरी? "ही पण मुकी." तिसरीला तर त्यांनी नुसती मान हलवली.

"अहो, तबला घ्यायला आलात काय? जितकी शांत तितकी डिस्क चांगली. लोक मुद्दाम तसली मागतात."

"लोकांच्या घरात माणसं असतील," अंकल म्हणाले. मी हसले आणि विषय सोडून दिला.

शेवटी मीच एक निवडली, जुनीतलं सगळं तिच्यात उतरवलं आणि घरी नेऊन बसवली. कॉम्प्युटर पळायला लागला. दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायच्या आधी अंकल दाराशी हजर.

"बाय, जुनी परत दे."

"का? पत्ते उघडत नाहीत?"

"सगळं बराबर चालतंय. पण घरात कोणी नाय."

मग बसून सांगितलं. मुलगा घरी असला की खोलीचं दार लावून त्या कॉम्प्युटरपुढे बसायचा. अंकल मराठीत काही विचारायचे, तो हिब्रूत एका शब्दात उत्तर द्यायचा, की संपलं बोलणं. "पण आतून ती खरखर यायची ना, की मला समजायचं, पोर हाय. मी भाकरी झाकून ठेवायचा."

जुनी डिस्क मी परत आत बसवली, पण नुसती विजेची वायर जोडून. माहिती नेणारी वायर जोडलीच नाही. काम सगळं नवीनं करायचं, जुनीनं फक्त फिरायचं आणि खरखरायचं. असली जोडणी मी आधी कधी केली नव्हती आणि नंतरही केली नाही. अंकलनी बराच वेळ कान लावून ठेवला.

"आता दोघी मिळून ओढतात," ते म्हणाले.

हॉटेलातली पेसाहच्या सणाची गर्दी ओसरल्यावर मुलगा एका रात्रीसाठी आला. पोरगा चांगला होता हो, मायाळू होता. खरखर ऐकून त्यानं खोकं उघडलं, एक वायर जोडलेलीच नाही हे बघून हसला, आणि ती डिस्क काढून कचऱ्यात टाकून आला. "अबा," तो बापाला म्हणाला, "ही काही करतच नव्हती, नुसती आवाज करत होती."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी अंकलना विचारलं.

"तोदा म्हटलं. थँक्यू म्हटलं. एवढ्या लांबून आला, आल्या आल्या बापाचं काम केलं. त्याला आणि काय सांगू? तू पण सांगायचं नाय."

"मी दुसरी आणते. माझ्या भंगारात खरखरणाऱ्या पुष्कळ आहेत."

"त्या दुसऱ्यांच्या पोरांच्या, बाय."

त्यानंतर अंकल दुपारी बसस्टॉपवर जाऊन बसायला लागले. उत्तरेकडून एलातला जाणारी बस तिथं थांबते. दार उघडलं की ड्रायव्हर विचारायचा, "एलात?" अंकल हातानं नाही म्हणायचे, बस निघून जायची. मला ते बघवत नसे.

"एकदा चढून तर बघा," मी म्हणाले.

"बोलावल्याशिवाय कसा जाऊ? त्याला काम असतं."

पुढच्या हिवाळ्यात अंकल गेले. एका सकाळी उठलेच नाहीत. मुलगा एलातहून आला तो हॉटेलच्या गणवेशातच. दफन झाल्यावर तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. वारा इतका होता की त्याला मोठ्यानं बोलावं लागलं.

"मी त्यांना बोलावणार होतो," तो हिब्रूत म्हणाला. "पण वाटायचं, ते घर सोडून कुठले येतायत."