सबनीसांनी घासलेल्या वाट्या

ही गोष्ट माझ्या ओठांबाहेर आजवर एकदाही पडलेली नाही. यांच्याशी बोलताना नाही, वडिलांना पत्रे लिहिताना नाही, कवितेत तर नाहीच — आणि कवितेत मी पुष्कळ काही बोलून बसलेली बाई आहे. तुमच्यापाशी बोलते आहे, ती तुम्ही निवाडा करावा म्हणून नव्हे. मान खाली घालून बोलायची मला सवय नाही. आजही घालणार नाही. पण बोलते.

महाराष्ट्र राज्य झाले त्या दिवशी आम्ही स्टुटगार्टला होतो. हे तिथल्या तांत्रिक विद्यापीठात संशोधन करीत होते आणि मी मागाहून येऊन दोन खोल्यांत संसार मांडला होता. मे महिन्याची पहिली तारीख — जर्मनीत कामगारांची सुट्टी. धुराडी गप्प होती, रस्त्यांवर लाल झेंडे होते, आणि खिडकीखालच्या लायलॅकच्या फुलांचा जांभळा, जरासा कडसर वास पडद्यांत भरून राहिला होता. विद्यापीठातली मराठी मुले जिन्यातूनच ओरडत आली, "वहिनी, बघा! आपल्या राज्यासाठी जर्मनांनी अख्खा देश बंद ठेवलाय!"

श्रीखंड केले होते. क्वार्क म्हणून तिथे चक्क्यासारखे काही मिळते. ते फडक्यात टांगून त्याचे उरलेसुरले पाणी काढले, साखर घातली, आईने पाठवलेले केशर दुधात खलून त्यात ओतले. घरमालकीणबाईंकडून काचेच्या वाट्या मागून आणल्या. काचेतून मेचे ऊन त्या पिवळ्या रंगावर पडत होते. मला किती अभिमान वाटत होता, कसे सांगू? परक्या मुलखात, परक्या भाषेच्या गराड्यात, आपल्या भाषेला घर मिळाल्याची बातमी — असा आनंद माणसाला आयुष्यात कितीदा मिळतो? मी त्या दिवसासाठी लिहिलेली कविता उभी राहून म्हटली. चांगली होती ती कविता. आजही म्हणेन. तीत एकही जयजयकार नव्हता, तरी ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले.

आणि मग मी भाषण केले. कोणी सांगितले होते? पण नाराजीसुद्धा अंगावर शालूसारखी मिरवता येते, हे मला तेव्हा चांगले ठाऊक होते. राज्य आले, पण सरकार कुणाचे आले? ज्यांनी मराठी आणि गुजराती मुलूख एकाच दावणीला बांधून द्वैभाषिक आमच्या माथी मारले, ज्यांच्या विरोधात सत्तावन्न साली लोकांनी हिरिरीने मते टाकली, तेच नव्या राज्याचे मंत्री होत होते. मी म्हणाले, "इतकी वर्षं ज्यांनी दार आतून दाबून धरलं, तेच आज उंबऱ्यात उभे राहून आपल्याला 'या, बसा' म्हणताहेत. मागितलं आपण, दिलं त्यांनी. आणि देणाऱ्याचाच हात वर राहिला. माझं मत वाया नाही गेलं — माझं मत चोरीला गेलं!"

टाळ्या पडल्या. 'माझं मत.' केवढ्या ठसक्यात उच्चारले होते मी ते शब्द!

कोल्हापूरचा घोरपडे नेहमीचा टवाळ. तो म्हणाला, "वहिनी बोलल्या, विषय संपला! आता असं करायचं — हितं सरकारपक्षाला मत टाकलेला कुणी असंल, तर आजची भांडी त्यानं घासायची!"

हशा पिकला. आणि कोपऱ्यात बसलेल्या सबनीसांनी चमच्यासकट हात वर केला. "मग भांडी माझ्याकडे लागली."

सबनीस धातुशास्त्राचे अभ्यासक. सगळ्यांहून वडील, मितभाषी. दर रविवारी आमच्याकडे येत आणि येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेला ताजा पाव आणत. पावाची ऊब त्यांच्या कोटाला येत असे. पोट भरून मराठी बोलता येईल असे त्या शहरात त्यांना दुसरे घर नव्हते. मुलांना ती थट्टाच वाटली. पण ते म्हणाले, "खरंच सांगतोय. आम्ही भुलेश्वरला राहायचो. शेजारच्या जमनाबेननं मला आईच्या बरोबरीनं जेवू घातलंय. राज्यं वेगळी झाली की ती परकी होईल, असं वाटलं. दिलं मत द्वैभाषिकवाल्यांना. चुकलोही असेन."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

त्या क्षणी एकच वाक्य बोलायचे होते — चला सबनीस, दोघे मिळून घासू. जिभेवर आलेही होते, अशी समजूत मी पुष्कळ वर्षे करून घेतली. ते खोटे. जिभेवर काही वेगळेच आले होते, आणि तेच मी बोलले.

"मग ती वाटी खाली ठेवा, सबनीस. आज ज्यांच्या रक्तानं हे राज्य मिळालं, त्यांच्यावर गोळ्या झाडायला लावणाऱ्यांना मत दिलंत तुम्ही. श्रीखंड तुमच्या जमनाबेनकडून मागवा."

एकजण हसला आणि मध्येच थांबला. यांनी माझ्याकडे पाहिले, पण चारचौघांत बायकोला टोकणे यांच्या स्वभावात नव्हते. सबनीसांनी वाटी खाली ठेवली. "बरोबर आहे, वहिनी," म्हणाले. मग सगळ्यांच्या वाट्या गोळा केल्या, मोरीशी उभे राहून एकेक घासली, पुसली, उजेडात धरून पाहिली. मी खुर्चीत ताठ बसून मुलांना कवितेतली एक ओळ समजावून सांगत होते. काचेवर काच टेकल्याचा आवाज येत होता.

आता उरले ते सांगते. का बरे अडखळते आहे मी? एवढे सांगितले, तर हेही सांगायलाच हवे.

सत्तावन्न साली आम्ही पुण्यात होतो. वडील संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगून आले होते. त्यांची प्रकृती तिथेच ढासळली. त्याच सुमारास यांच्या पारपत्रासाठी एका प्रतिष्ठित गृहस्थाची हमी हवी होती, आणि ती दिली आमच्या भागातल्या सरकारपक्षाच्या उमेदवाराने. मताचा म त्यांनी काढला नाही. सही घेऊन त्यांच्या घरून निघताना त्यांच्या पत्नीने मला पाटावर बसवले, कुंकू लावले आणि ओटी भरली — तांदूळ, नारळ, मोरपंखी खण. खणाला कोऱ्या कापडाच्या खळीचा वास होता. घरी येईतो तो वास मला सोडीना. आमच्या घराण्यात कुणाचे ठेवून घेत नाहीत. ओटी घेतली, सही घेतली. परत काय करायचे? त्या बाईला परत देण्याजोगे माझ्यापाशी होते तरी काय?

त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पडद्याआड जायचे, चिन्ह ओळखायचे, आपल्या माणसाच्या पेटीत मतपत्रिका टाकायची. आत मी एकटी होते. पाहणारे कोणी नव्हते, दटावणारे कोणी नव्हते. मी ओटी भरणाऱ्या बाईच्या नवऱ्याच्या पेटीत मत टाकले. खरे सांगायचे तर मला मोकळे वाटले — आता मी कुणाची मिंधी नाही! बाहेर वडील उन्हात काठीला टेकून उभे होते. त्यांनी नुसते पाहिले. मी मान डोलावली. त्यांनी माझ्या मस्तकावर हात ठेवला.

म्हणजे त्या मे महिन्यात, त्या खोलीत, सरकारपक्षाला मत दिलेली माणसे दोन होती. एकाने मायेपोटी दिले होते आणि हात वर करून सांगितले. दुसरीने दिले होते ते मानापोटी — आणि पहिल्याच्या हातातली वाटी काढून घेतली.

सबनीस पुढच्या रविवारी आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. मुले विचारीत, तेव्हा मी म्हणे, "त्यांना आपल्यात करमत नसावं." मुलांनी ते मानले; माझा शब्द तिथे मानला जात असे. वडील गेले, ते मुलीने आपले मत राखले या समाधानात. आणि माझी ती कविता मला अजून प्रिय आहे. त्या दिवसाचा अभिमानही ओसरलेला नाही. राज्य आमचे होते, सरकार कुणाचेही असो. ते मी कुणाला हिरावून घेऊ देणार नाही — या कबुलीलाही नाही.

पुढच्या हिवाळ्यात बाजारातून ट्रामने परतत होते. वाटेत सबनीस चढले. ओल्या लोकरीचा वास, वाफाळलेल्या काचा. मला पाहून त्यांनी टोपी काढली. "वहिनी, बऱ्या आहात ना?"

"बरी आहे," मी म्हणाले.

गाडी भरलेली होती. माझ्या शेजारच्या जागेवर माझी कोबीची पिशवी होती. त्यांनी तिकडे एकदा पाहिले आणि दांडा धरून उभे राहिले, टेकडीवरच्या शेवटच्या थांब्यापर्यंत. पिशवी मी उचलली नाही.