किन्नूच्या बागेतली वही

कारंज्याच्या स्टँडवर नागपूरची बस लागली, तरी बाबा माझ्या नवऱ्याला, प्रकाशला, झाडांचंच सांगत होते. "पाणी बुंध्याले लागू देऊ नका, जावईबापू." आमची संत्र्याची बाग, त्यामुळे निरोपातही तेच. आई मात्र माझ्याकडे बघत होती. "करमलं नाई तर येजो," एवढंच म्हणाली.

प्रकाशला पंजाबात, सरहद्दीजवळच्या किन्नूच्या मोठ्या बागेवर देखरेखीची नोकरी लागली होती. किन्नू म्हणजे संत्र्याचाच भाऊ, फक्त साल चिवट. तिथं बोलायला कोणी नव्हतं म्हणून मी वही लिहू लागले. सुरुवातीची पानं भाजी काय केली आणि करमत नाही, यानंच भरली आहेत.

मग एका मे महिन्यात लढाई पेटली. वहीत आहे: 'सायंकाळपासून दिवे बंद. आभाळात धडधड. फळं गोटीएवढी झालीत.' बायका-पोरं ट्रॉल्यांत बसून नातलगांकडे निघाली. आई फोनवर म्हणाली, "तू काऊन थांबून राह्यली? ये ना." मी बॅग भरली. प्रकाश येणार नव्हता. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाण्याची पाळी तोंडावर आली होती. ती चुकली असती तर त्या उन्हात फळं गळून गेली असती.

निघायच्या सकाळी शेजारच्या गुरमीतबीबी आल्या. नातवंडांना घेऊन त्या लेकीकडे चालल्या होत्या. घराची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "भैंस तेरे भरोसे, पुत्तर." मीही निघालेय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मला सांगवेना. त्या गेल्यावर मी बॅग रिकामी केली, आणि खरं सांगते, जिवाला बरं वाटलं.

पाळी आली तेव्हा निम्मे मजूर गावी गेले होते. मीच फावडं घेऊन दांड फोडत, ओळीओळीला पाणी देत फिरले. म्हैस आधी लाथा झाडायची, मग पान्हवू लागली. त्या दिवशी लिहिलंय: 'भीती वाटते. पण पाणी शेवटच्या ओळीपर्यंत पोचलं.'

लढाई थांबली. बीबी परतल्या, गोठ्यात डोकावल्या आणि बराच वेळ माझा हात धरून बसल्या.

यंदा दिवाळीला कारंज्याला आलेय. आईच्या स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. पूर्वी पंजाबातल्या बाया मला विचारायच्या, घर कब जाओगी? आज बीबींचा फोन आला. त्यांनी विचारलं, "घर कब आओगी?"

मी तारीख सांगितली. आईनं ऐकलं. ती उठली आणि चिवड्यासाठी आणखी एक डबा काढला, बीबींसाठी.