गादीची उंची

"बस ना मंगेश."

"उभाच बरा आहो मॅडम."

समोर खुर्ची रिकामी, डोक्यावर पंखा, आणि हा उंचापुरा माणूस माझ्या केबिनच्या चौकटीला खांदा टेकवून उभा. मी टेबलावरचं पेन मुद्दाम खाली पाडलं. त्यानं पुढे येऊन ते उचललं, पण वाकला नाही. एका हातानं टेबल धरलं, गुडघे दुमडले आणि पाठ ताठ ठेवूनच खाली गेला. वर येताना ओठ दाबले. मला पाहायचं होतं ते दिसलं.

"कधीपासून?"

"का कधीपासून?"

"पाठ, मंगेश. मी इथे पोहे खायला बसलेली नाही."

तो जरा हसला. मग म्हणाला, "दिवाळीपासून असंन. पण काम थांबवलं नाही मॅडम. पट्टा बांधून करून राहिलो."

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारानं किंवा अपघातानं अधू झालेल्या माणसाला आंघोळ, जेवण, कामधंदा पुन्हा जमावा म्हणून जी खटपट करावी लागते, ती आमची विद्या. नागपुरात एका होमकेअर एजन्सीत मी नोकरी करते. ज्यांना आपलं आपण उठता-बसता येत नाही, त्यांच्या घरी आमची एजन्सी अटेंडंट पाठवते. पेशंटकडे बघायला अटेंडंट असतो आणि अटेंडंटकडे बघायला मी असते. त्यांना शिकवायचं, त्यांच्या तक्रारी ऐकायच्या, त्यांची हाडं शाबूत ठेवायची. हे काम कुणाला काम वाटत नाही, कारण अटेंडंटलाही पाठ असते हे लोकांच्या ध्यानातच येत नाही.

मंगेश कामठीचा. आधी पॉवरलूमवर होता. तिथलं काम कमी झालं म्हणून या लाइनीत आला आणि चांगला रुळला. त्याची केस होती गांधीबागेतले वामनकाका. कापडाचे ठोक व्यापारी. वडील मागावर लुगडी विणत, काकांनी दुकान टाकलं. स्कूटर घसरून मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं. हात मात्र दणकट. घरात पडून राहून त्यांनी बायकोला आणि मुलाला इतकं छळलं की शेवटी सगळ्यांनी मिळून त्यांना रोज दुकानात न्यायचं ठरवलं. दुकानात गेले आणि माणूस पुन्हा माणसात आला.

अडचण एवढीच, की दुकानाची बैठक जमिनीवर. गादी, पांढरी चादर, लोड, तक्के. व्हीलचेअरमधून गादीवर आणि गादीवरून परत व्हीलचेअरमध्ये. याला आम्ही ट्रान्सफर म्हणतो. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर माणूस हलवणं. दोन्ही जागा सारख्या उंचीच्या असतील तर ट्रान्सफर सोपी. एक जागा खुर्चीएवढी आणि दुसरी जमिनीवर असेल, तर सगळं वजन उचलणाऱ्याच्या कमरेवर येतं. आदल्या दिवशी काकांना खाली ठेवताना मंगेशच्या पाठीत अशी कळ आली की तो काकांना घेऊनच गादीवर बसला. लागलं कुणालाच नाही. पण काकांच्या मुलानं, नितीननं, आमच्या साहेबांना फोन केला. दुसरा माणूस पाठवा, मजबूत पाहिजे.

आमचे साहेब म्हणजे सुधीर सर. माणूस वाईट नाही, पण फोन आला की आधी घाबरतात, मग विचार करतात. मंगेश बाहेर गेला तसे ते आत आले.

"मॅडम, याला केसवरून काढू. फाइलला अनफिट लिहा."

"अनफिट लिहिलं तर त्याला पुढची केस कोण देईल?"

"ते मी समजू शकतो. पण उद्या पेशंट खरंच पडला तर घरच्यांना मी काय तोंड दाखवू?"

"सर, याच्या आधीचा माणूस याच केसवरून पाठ धरून गेला. नवा येईल, तोही जाईल. माणूस बदलून गादीची उंची बदलत नाही."

"मग पेशंटला घरी बसवा."

हे उत्तर सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं आणि मला त्याचा मनस्वी राग येतो. ज्याचे पाय गेले त्याचं दुकानही काढून घ्यायचं, म्हणजे आपलं काम हलकं. मी तसं म्हणाले. आवाज थोडा चढला असेल. सरांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "सोमवारपर्यंत बघा. सोमवारी मी दुसरा माणूस घेऊन येतो."

दुपारी मी मंगेशला घेऊन गांधीबागेत गेले. काका त्या दिवशी व्हीलचेअरमध्येच, गादीच्या कडेला तोंड पाडून बसले होते.

"काका, खुर्चीतच बसून धंदा करा ना. पुढे काउंटर लावून देऊ."

"मॅडम, तुम्ही शिकल्या-सवरल्या आहा, पण कापड घेतलं नाही वाटते कधी ठोकात," काका म्हणाले. "गिऱ्हाईक मांडी घालून बसते, मधात कापडाचं थान उलगडते. तो इकडून चिमटीत धरते, मी तिकडून. भाव त्या कापडावर होते. मी वर खुर्चीत बसून त्याले भाव सांगू? हे का कोर्ट आहे?"

"मग तुमच्यापुरती दिवाणासारखी उंच जागा करू."

"गिऱ्हाईक खाली अन् मी वर? आमच्यात असं बसत नाहीत."

मग ते मंगेशकडे वळले. "तुले काहून काढून राहिले गा? मीनं तर काही म्हटलं नाही."

मंगेश खांबाला टेकून उभा होता. त्यानं शर्ट खाली ओढला. शेवटी मीच त्याचा शर्ट वर करून आतला पट्टा दाखवला. काका पट्ट्याकडे पाहत राहिले.

"बोलला काहून नाही?"

"बोललो असतो तर तुमाले वाटलं असतं, याले माझं ओझं होऊन राहिलं."

"ओझं तर मी आहोच गा," काका म्हणाले. "ते माह्या पाठीले कळत नाही, तर तुह्या पाठीनं तरी सांगाव ना."

दिवसभर हे दोघं सुताचा काउंट, लूमची खोट, कुठल्या गावचा माल विरतो यावर भांडायचे. आधीच्या अटेंडंटला काकांचं वजन तेवढं कळलं होतं, मंगेशला त्यांचा धंदा कळत होता. तो गेला असता तर काकांचं दुकान अर्धं गेलं असतं. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी चिडते, हा माझा स्वभाव आहे. मी म्हटलं, "तुम्हा दोघांचं रडगाणं झालं असेल तर मला जागा बघू द्या."

तेवढ्यात उमरेडच्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई आल्या. त्या पायरीवरच थांबल्या. नितीन म्हणाला, "या जी मावशी, बसा गादीवर."

"नको रे बाबा. मी उभ्यानंच पाहते. खाली बसली तर उठवाले माणूस लागते."

मी बाईंकडे बघितलं, काकांकडे बघितलं. माझे स्वतःचे गुडघेही त्या गादीवरून उठताना नुकतेच कुरकुरले होते.

"नितीन, सगळी बैठकच वर घेतली तर?"

"म्हणजे?"

"अख्ख्या गादीखाली लाकडी माचा. व्हीलचेअरच्या सीटच्या उंचीचा. काका वर, गिऱ्हाईकही वर. मावशींनी कडेला टेकायचं आणि पाय वर घ्यायचे."

"मॅडम, हे दुकान हाय का लग्नाचं स्टेज?"

"गठ्ठे सध्या कुठे ठेवता?"

"वर, पोटमाळ्यावर. शिडी लावून."

"माच्याखाली केवढी जागा होईल बघ."

नितीननं वाकून जमिनीपासून व्हीलचेअरच्या सीटपर्यंत हात नेऊन बघितला. मावशी पायरीवरूनच म्हणाल्या, "करा जी. मी येऊन बसीन." काकांनी फक्त एवढंच विचारलं, "सगळे एकाच उंचीवर ना?" मी हो म्हटलं. "मग करा," ते म्हणाले. "तोपर्यंत मी घरी बसतो. पण मंगेश घरी येईन. उचलाले नाही, भांडाले."

सुताराला मी स्वतः उभं राहून माप दिलं. गादी वर्षानुवर्षं बसून पोळीसारखी चपटी झाली होती. तिची जाडी धरूनच माच्याची उंची ठरवली. वर गादी टाकली की सीट आणि बैठक बरोबर एका पातळीत येतील, असा हिशेब. मंगेशला पाठीचे व्यायाम दिले आणि एकट्यानं कुणाला उचलायचं नाही असं बजावलं.

सोमवारी मी पोचले तेव्हा सुधीर सर आधीच आले होते. सोबत नवा अटेंडंट. अंगापिंडानं पैलवान. तो दंडावरची बाही वर करून तयारच होता. मंगेश दुकानाच्या कोपऱ्यात धुतलेला शर्ट घालून उभा. कुणी त्याला या म्हणालं नव्हतं आणि जा पण म्हणालं नव्हतं.

मी माच्याकडे बघितलं. गादी पुरीसारखी टम्म फुगली होती. काकू, म्हणजे काकांची बायको, कौतुकानं तिच्यावर चादर अंथरत होत्या.

"नव्या माच्यावर जुनी चपटी गादी कशी टाकू? म्हणून पिंजून आणली. चांगली नाही झाली का वं?"

नवी बैठक म्हणजे गादी पिंजून घ्यायची, हा गांधीबागेतला शिरस्ता मला ठाऊक नव्हता. व्हीलचेअर शेजारी लावली तर गादी सीटच्या चांगली वर. सपाटीवर माणूस सरकतो, चढावर नाही.

सरांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, जाऊ द्या. आज उचलूनच घेऊ." पैलवान पुढे झाला.

"थांबा," काका म्हणाले. त्यांनी व्हीलचेअर दाराशी नेली आणि बोळीत आवाज टाकला. "ए गा, या सगळे. चहा आहे. नव्या गादीवर बसाले या."

चहा म्हटल्यावर गांधीबागेत वाट पाहावी लागत नाही. शेजारचा अस्तरवाला आला, पलीकडचा टॉवेलवाला आला, हमाल आले. काका एकेकाला जागा दाखवत होते. "जाड्या माणसांनी मधात बसा. तू कडेले बैस. हलून बसा गा, पाहुण्यासारखे बसू नका." काकूंनाही वर चढवलं. सुधीर सर संकोचून उभे होते, त्यांनाही लोडाला टेकवलं. पैलवानाला सगळ्यात फुगलेल्या कोपऱ्यावर बसवलं. चहाचे फेरे झाले, बाजाराच्या गप्पा झाल्या, आणि गादी खाली बसत गेली. मी मधूनमधून माप घेत होते. सरांनी दुसरा चहा मागितला तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला.

सगळे उतरले. सीट आणि गादी एका पातळीत. मी व्हीलचेअरचा हात टेकायचा बाजूचा दांडा काढला आणि मधे स्लाइडिंग बोर्ड ठेवला. म्हणजे गुळगुळीत लाकडी फळी, दोन जागांमधला पूल. काका त्यावर थोडे सरकले आणि अडकले. सुती पायजमा फळीला धरत होता. ज्याला कमरेखाली कळत नाही, त्याची कातडी अशी घासली तर जखम होते आणि ती महिनोन्महिने भरत नाही. मी थांबवलं.

"सुतीच धरते," काका म्हणाले. "मंगेश, ते आण बरं..."

"शेरवानीचं अस्तर?" मंगेश शेल्फाशी पोचलासुद्धा होता.

"तेच. त्याच्यावर माशी टिकत नाही."

अस्तर फळीवर दुहेरी अंथरलं. मंगेश मागे उभा राहिला, एक तळहात काकांच्या पाठीशी, नुसता टेकवलेला. काकांनी एक मूठ गादीवर रोवली, दुसरी सीटवर. जोर लावला आणि सरकले. पुन्हा जोर, पुन्हा सरकले. आणि आले गादीवर. स्वतःच्या हातांनी. मंगेशनं त्यांचे पाय उचलून मांडी घालून दिली, पाठीशी लोड दिला. काकांनी चादरीवरून हात फिरवला. काकू पदरात तोंड घालून रडत होत्या. मला इतका आनंद झाला की मी त्या पैलवानाचाच हात धरून हलवला.

मग नितीन बोलला. मनात काही नव्हतं त्याच्या, व्यापाऱ्याचं पोर, बोलून गेला. "बाबा आपलेच सरकून राहिले. मग आता अटेंडंट कायले पायजे?"

मंगेशचा चेहरा उतरला. पाठ वाचवायला गेले आणि मी याची नोकरीच घालवली, असं माझ्या मनात आलं.

"नितीन," काका शांतपणे म्हणाले, "मी सरकलो, कारण माह्या मागं याचा हात होता. तो हात काढ अन् मले म्हण, सरका. मी हलणार नाही. उचलाले कोणीही चालते. मागं उभा राहाले मले हाच पायजे."

सुधीर सरांनी घसा साफ केला. "केस मंगेशचीच. आणि मॅडम, फाइलला ते अनफिट वगैरे लिहिलं नाही ना?"

"लिहिलंय सर. गादीच्या नावानं लिहिलंय."

तेव्हापासून आमच्या एजन्सीत एक नियम आहे. केस घेतली की अटेंडंट जाण्याआधी मी जाते. घरातला पलंग, संडास, खुर्ची, बैठक यांच्या उंच्या मोजते. सरांच्या दृष्टीनं हा खर्च आहे. पण पाठ धरून घरी जाणारी माणसं कमी झाली, म्हणून ते बोलत नाहीत. मावशी आता उमरेडहून आल्या की माच्यावर पाय पसरून बसतात आणि लवकर उठत नाहीत, अशी नितीनची तक्रार आहे.

त्या सोमवारी मी निघताना काकांनी आपल्या शेजारची चादर थोपटली. "बैस गा मंगेश."

मंगेशनं सवयीनं म्हटलं, "उभाच बरा आहो शेठजी."

"आता कायले उभा? आता तर उंची बरोबर आहे."

मंगेशनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग माच्याच्या कडेला टेकला, सावकाश मागे सरकला आणि बसला.