बेबाचा अर्ध्यात राहिलेला डाव

वनाची सोल्डर गन तापायला वेळ घ्यायची, त्याचं डोकं मात्र घ्यायचं नाही. धरणगावात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकंही त्याच्याशी जपून बोलायची. असा हा माणूस एक गोष्ट मात्र कित्येक वर्षं गिळून बसला होता.

शहाऐंशी साली तो धाकट्या बहिणीला, बेबाला, अमळनेरला घेऊन गेला होता. तिथे स्टँडजवळच्या हॉटेलात व्हिडिओ गेमचं जुनंपानं कपाट आलं होतं. काळ्या पडद्यावर समोरासमोर दोन पांढऱ्या फळ्या आणि मधे चौकोनी चेंडू. बटण फिरवून फळी हलवायची नि चेंडू परतवायचा, एवढाच खेळ. पण बेबाने कॉलेजची पोरं एकामागून एक गार केली. डाव रंगात असताना कापूस विकायला आलेले त्यांचे वडील, तोताराम आबा, आत शिरले आणि सगळ्यांदेखत तिची वेणी धरून तिला बाहेर ओढलं. वना आडवा गेला, तर त्यालाही दोन बसल्या. पुढच्या उन्हाळ्यात बेबाचं लग्न होऊन ती एरंडोलला गेली. माहेरी आली की हसत म्हणायची, "मना डाव अर्धाच ऱ्हायना, भाऊ." ते हसू वनाला झोंबायचं.

ब्याण्णवला ते कपाट भंगारात निघालं. वनाने आतला सर्किट बोर्ड काढून आणला. विजेच्या दणक्याने त्याचा पार कोळसा झाला होता. दुरुस्त होत नाही ना, मग नवा करू! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बेबा माहेरी येईल तेव्हा तिच्या हातात द्यायचा, असं त्याने ठरवलं.

तांबं चढवलेली पाटी मिळाली, आयसी, म्हणजे पायवाल्या काळ्या चिप, मुंबईहून आल्या. प्रश्न जुन्या बोर्डावरच्या रेघा नव्या पाटीवर उतरवण्याचा. त्याची बायको सुनंदा भरतकामाचे छाप काढायची. तिने युक्ती सांगितली: कागदावर नक्षी गिरव, सुईने टोच, वरून निळीची पुरचुंडी आपट. वनाने तसं केलं आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून तिच्याच नेलपॉलिशने रेघा ओढल्या. पाटी औषधात टाकली. उघडं तांबं विरघळून गेलं, पॉलिशखालच्या रेघा तेवढ्या राहिल्या. मग सुनंदाने पाटी हातात घेतली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, कागद पालथा ठेवलात. सगळं आरशातल्यासारखं उमटलंय!"

वनाने पक्कड भिंतीवर फेकून मारली. पाटी हातात घेऊन उलटसुलट फिरवून बघितली. मग म्हणाला, "उलटं तर उलटं." आणि त्याने सगळ्या आयसी नेहमीच्या कोऱ्या बाजूऐवजी पाटीच्या दुसऱ्या बाजूने, थेट तांब्यावरच बसवल्या. दिसायला ध्यान होतं, पण सगळे पाय बरोबर जागी बसले. जुन्या रेडिओची आवाजाची बटणं लावली आणि टीव्हीवर पहिल्यांदा चेंडू उड्या मारू लागला, तेव्हा तो दुकानात एकटाच ओरडला.

आबांना कुणकुण लागलीच. आखाजीला लेकीला लुगडं घेतात, एवढंच त्यांना ठाऊक. "लेकले लुगडं लेतस. हाई डबडं कसाले?"

"लुगडं ती बी लेस. हाई कोठे भेटस?" वनाने मान वर न करता सांगितलं.

आखाजीच्या दुपारी अंगणात निंबाला झोका बांधला होता. ओट्यावर आबांचा पत्त्यांचा अड्डा बसला होता. वर्षभर पत्त्यांना शिव्या देणारे बाप्येही त्या दिवशी राजरोस खेळतात, तशी रीतच आहे. वनाने टीव्ही दारात आणून त्याला आपली पाटी जोडली, त्या सगळ्यांच्या नाकासमोर. बेबाने पाटीवरून बोट फिरवलं, बटण हातात घेतलं आणि पडद्यावर फळी हलली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बंद कर ते!" आबा ओट्यावरून गरजले. "गावना माणसे देखी ऱ्हायनात. ऊठ, बेबा!"

वना पुढे झाला. बेबाने हातानेच त्याला थांबवलं.

"आबा," ती जागची न हलता म्हणाली, "तुम्हना पत्ता पहिले बंद करा. मंग मी उठसू."

ओट्यावर कुणीतरी फिसकन हसलं. आबांच्या हातात भारी पानं होती. ती खाली ठेवली तर डाव जाणार, आणि न ठेवली तर तोंड उघडायला जागा नाही. त्यांनी पानं आणखी घट्ट धरली.

आता दुसरी फळी कोण धरणार? बाप्यांपैकी कुणी हलेना. वना बसायला गेला, तोच स्वयंपाकघरातून त्याची आई, भागाबाई, पदराला पुरणाचे हात पुसत आली आणि त्याला बाजूला सारून टीव्हीपुढे बसली.

"तू बी?" आबांच्या तोंडून निसटलं.

"आज आखाजी शे," ती म्हणाली. तिने नवऱ्याकडे बघितलंही नाही. "बेबा, हाई बटण कसं फिरावतस?"