शिकायला उशीर झालेली उल्का

नागपूरची उल्का अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटात सॉफ्टवेअर टेस्टर होती. जन्मभर मटण आवडीनं खाल्लं, पण जनावर मारणारा हात नेहमी दुसऱ्याचाच, हे तिला चाळिशीत खुपायला लागलं. २००३ साली तिनं गावाबाहेरच्या एका शिकारी क्लबला फोन केला. नवख्यांना अनुभवी शिकाऱ्याबरोबर जंगलात पाठवायची योजना त्यांच्याकडे होती, पण ती दहा ते सतरा वयाच्या मुलांसाठी. उल्काचं वय ऐकून पलीकडचा माणूस हसला.

तिनं मुलांच्या शेजारी बसून शिकारीचा सरकारी सेफ्टी कोर्स पास केला आणि थेट क्लबवर गेली. नियम तोच होता. पण तिथला जुना शिकारी डेल तिच्यामागून बाहेर आला. म्हणाला, "नियमात तुम्ही बसत नाही. माझ्या ट्रकमध्ये बसाल?"

पहिल्या मोसमात तिनं एकही गोळी झाडली नाही. हरणं दिसायची, पण नेम पक्का वाटायचा नाही, आणि जनावर जखमी होऊन पळालेलं तिला चालणार नव्हतं. डेलनं कधी घाई केली नाही. दुसऱ्या वर्षी एक हरिणी एका गोळीत पडली. उल्का तिच्याजवळ बराच वेळ बसून राहिली, रडलीही. मग बाह्या सरसावून डेलनं शिकवलं होतं तसं सगळं स्वतः साफ केलं. घरी सावजी मसाला घालून रस्सा केला. नवरा प्रसन्न आधी या सगळ्याच्या विरोधात होता. त्यानं जेवून झाल्यावर एवढंच विचारलं, पुढच्या वेळी मी येऊ का?

पुढे क्लबनं तिलाच मुलांना शिकवायला बोलावलं. तिनं होकार दिला, पण मीटिंगमध्ये उभी राहिली. "शिकवायला मी चालते, मग माझ्या वयाचं माणूस शिकायला का चालत नाही?" वाद झाला, मतदान झालं, आणि वयाची वरची अट निघाली.

पहिला अर्ज आला स्कूल बस चालवून रिटायर झालेल्या वॉल्टरचा. त्याला ऐकू कमी यायचं, म्हणून कुणी त्याला न्यायला तयार नव्हतं. उल्कानं नेलं. दोघांनी हाताच्या खुणा ठरवल्या. त्या सकाळी हरीण काही आलं नाही. परतताना तिनं थर्मासमधला चहा त्याला दिला आणि पुढच्या शनिवारी किती वाजता निघायचं ते बोटांनी दाखवलं.