आखाजीची घागर

आमची ही गेल्यानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. गेलेल्या माणसाच्या नावानं त्या दिवशी मातीची घागर भरायची असते. भरली की त्याला पाणी पोचतं, असं आम्ही मानतो. मी शेडमध्ये तिचा माठ आणायला गेलो, तर माठ नाही.

गावाकडून इथं परदेशात येताना तिनं तो विमानात मांडीवर धरून आणलेला. इथल्या थंडीत तडकला. तिनं चिरेत सिमेंट भरलं, हातानंच. तिची बोटं उमटलेली होती त्यात. साड्या, स्वेटर सगळं चॅरिटीच्या दुकानात गेलं. माझ्याकडे तेवढी बोटं राहिली होती.

मुलगा म्हणाला, "अहो बाबा, फुटका होता तो. शेड साफ करताना कुंपणापलीकडे टाकला."

पलीकडे शेत. तिथं घरं बांधायची म्हणून आधी खाली जुनं काही आहे का ते उकरून बघत होते. रोमन लोकांच्या वेळचं खेडं निघालं होतं म्हणे. मला इंग्रजी येत नाही, शाळाही फार झाली नाही. म्हणून मुलाला घेऊन गेलो.

खोदणारी बाई चिखलात गुडघ्यावर बसलेली. तिनं कुंभाराची भट्टी दाखवली. भाजून लाल झालेला गोल खड्डा, शेजारी बिघडलेल्या मडक्यांचा खच. एक खापर माझ्या हातात दिलं. काठाला अंगठ्याचा ठसा.

"ओलं असताना कुणीतरी दाबलंय," मुलगा सांगायला लागला.

"ते राहू दे. आपल्या माठाचं विचार."

बाई बोलली. मुलगा खाली बघायला लागला.

"काय म्हणते?"

"वरच्या मातीतलं नवीन सामान ठेवत नाहीत म्हणते. विटा, प्लास्टिक, सगळं मशीननं त्या ढिगात गेलं. सॉरी म्हणते."

ढीग घराएवढा. तरी मी उकरायला बसलो. बाईही आली. लाल तुकडे पुष्कळ निघाले, सिमेंट एकावरही नव्हतं.

"बाबा, चला आता. नवीन माठ मागवतो, ऑनलाइन मिळतात."

"त्यावर तिची बोटं येतील का रे?"



जाताना बघितलं, तर बाई ते अंगठ्याचं खापर ब्रशनं पुसून पिशवीत घालत होती. कुण्या परक्याचा अंगठा, जपून ठेवतील. ठेवू देत, त्यांचं काम आहे. माझ्या बायकोची बोटं मात्र नवीन म्हणून गेली.

घरी येऊन स्टीलचा तांब्या नळाखाली धरला आणि तिच्या नावानं भरला. पोचलं नसणार. स्टीलमधलं पाणी तिला कधी गोडच लागलं नाही.